लेन्सची भीती बाळगू नका; झोप आणि पाणी, या दोघांची बाळगा

तुम्ही राहता घोडबंदर रोडला, नोकरी बेलापूरला, दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस 5.50. मंथली, म्हणजे महिन्यानं बदलायच्या कॉन्टॅक्ट लेन्स वापरताय, पण रोज नाही, आठवड्यातून तीन-चार दिवस. म्हणून तुमचा हिशोब असा, की जोडी एका महिन्याऐवजी दोन महिने चालायला हरकत नसावी. लेन्स धुवायचं-ठेवायचं सोल्यूशन संपलं तर एखाद्या रात्री प्यूरिफायरचं पाणी चालेल का, परतीच्या लोकलमध्ये लागणारी डुलकी ‘झोपणं’ धरायची का, संध्याकाळी डोळे लाल का होतात, पावसाळ्यात आणि सोसायटीच्या पूलमध्ये काय करायचं, आणि डिसेंबरात बहिणीच्या लग्नात पार्लरवाल्या बाई रंगीत लेन्स लावून देणार आहेत त्या लावाव्यात का, हे तुमचे प्रश्न. शिवाय आईचं म्हणणं आहे की लेन्सनं डोळे जातात.

आधी आईंचंच घेतो, कारण त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारा, ठाण्यात लेन्स बसवून देण्याचं काम बरीच वर्षं करतोय. लेन्सच्या निमित्तानं बुबुळावर कायमचं फूल पडलेले तरुण डोळे मी पाहिले आहेत. पण प्रत्येकाला खोदून विचारत गेलं, की बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण हाती लागतं: लेन्स घालून झोपणं, नाहीतर लेन्सला पाणी लागणं. कधी दोन्ही. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या मोठ्या पाहण्यांमधून जे आकडे मिळाले ते असे, की सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्यांत बुबुळाला जंतुसंसर्ग वर्षाला दर 10,000 माणसांत साधारण 2 ते 4 जणांना होतो. रात्री घालून झोपणाऱ्यांत तोच आकडा 20 च्या आसपास जातो. लेन्स तीच, डोळा तोच, फरक फक्त झोपेचा. तेव्हा आईंना सांगा, की काळजी योग्य आहे, फक्त ती कशाची करायची ते नेमकं ठरवू.

झोपेचं असं का होतं, हे एकदा कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. बुबुळाच्या पुढे जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला आम्ही पारपटल म्हणतो; बोलताना त्यालाही बुबुळच म्हटलं जातं. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मग त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः थेट हवेतून, अश्रूंत विरघळून. डोळा उघडा असताना हवेतला 21 टक्के ऑक्सिजन समोर हजर असतो. पापणी मिटली की पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं, आणि तो पुरवठा साधारण 8 टक्क्यांवर येतो. त्यामुळे लेन्स न घालताही सकाळी उठल्यावर पारपटल किंचित सुजलेलंच असतं. त्यात मध्ये लेन्सचा आडोसा घातला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

यावर दुकानदार एक युक्तिवाद करतात: ‘मॅडम, ही सिलिकॉन हायड्रोजेलची आहे, ऑक्सिजन भरपूर जातो, घालून झोपलात तरी चालतं.’ अर्धं खरं आहे. 1999 च्या सुमारास हे मटेरियल बाजारात आलं आणि ऑक्सिजनची अडचण खरोखरच बरीच सुटली. त्या वेळी आमच्या धंद्यात सगळ्यांना वाटलं होतं, की आता रात्रीचा संसर्गही घटेल. तो घटला नाही. नव्या लेन्स घालून झोपणाऱ्यांतही आकडा विशीच्या आसपासच राहिला. कारण मिटलेल्या डोळ्यात पापणीची उघडझाप थांबते, लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत, आणि लेन्सला चिकटलेले जंतू रात्रभर एकाच जागी बसून राहतात. पारपटलावर बारीकसा ओरखडा असला तर त्यांना दार उघडंच मिळतं. तेव्हा बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो, माझ्याकडून ‘झोपा’ हे उत्तर मिळणार नाही. डॉक्टरांनी विशिष्ट कारणानं डोळ्याच्या संरक्षणासाठी बॅन्डेज लेन्स बसवली असेल किंवा नंबर रोखण्यासाठी रात्रीची खास लेन्स दिली असेल, तो भाग निराळा. तिथे त्यांचं लक्ष असतं.

आता तुमची डुलकी. ठाणे-बेलापूर लोकलमध्ये परतताना नेरूळ गेलं की मान कलते, घणसोलीला दचकून जाग येते, हे या मार्गावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी म्हणजे रात्रभराची झोप नव्हे. घाबरू नका. मात्र जाग आल्यावर डोळे चोळायचे नाहीत, आणि घाईनं लेन्स ओढून काढायची नाही. ती त्या वेळी कोरडी होऊन बुबुळाला चिकटलेली असते. ओढली तर वरची नाजूक साल खरवडली जाते. आधी दहा-बारा वेळा सावकाश पापण्या मिटा-उघडा, लेन्सवर चालणारे वंगणाचे ड्रॉप्स घाला, लेन्स सरकायला लागली की मग हवी तर काढा. पण परतीच्या गाडीत डुलकी ठरलेलीच असेल, तर ऑफिसमधून निघतानाच लेन्स काढा आणि चष्मा लावा. तसंही तुम्ही सकाळी आठला घातलेली लेन्स रात्री नऊला काढता असं दिसतंय. तेरा तास फार झाले.

आणि खरं सांगायचं तर लोकलपेक्षा मला भीती घरच्या पलंगाची वाटते. जेवण झालं, आडवं होऊन मोबाइल बघता बघता डोळा लागला, जाग आली ती पहाटे चारला. मी ज्यांना ज्यांना ‘लेन्स घालून झोपता का’ विचारतो, ते सगळे ‘छे’ म्हणतात. ‘चुकून कधी झोप लागते का’ विचारलं की मान हलते. घरात शिरल्यावर चपला काढल्या, हात धुतले, की लगेच लेन्स. जेवणानंतर नाही, मालिका संपल्यावर नाही.

पाण्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ‘स्वच्छ पाणी’ म्हणजे पिण्याजोगं पाणी, ही व्याख्या पोटासाठी ठीक आहे. पोटात आम्ल असतं, ते बऱ्याच गोष्टींचा निकाल लावतं. डोळ्यात तशी सोय नाही. पाण्यात, मातीत, धुळीत सगळीकडे अकांथअमीबा नावाचा एकपेशीय जीव आढळतो. प्यायलात तर तो सहसा काही करत नाही. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो, आणि हे कवच पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाही. लेन्सला पाणी लागलं, तो लेन्सवर चढला आणि लेन्स डोळ्यावर गेली, की त्याला घर मिळालं. हा संसर्ग विरळा आहे, पण झाला तर उपचार कित्येक महिने चालतात. तासा-तासाला झोंबणारे ड्रॉप्स, रात्री झोप नाही अशा वेदना, आणि शेवटी काही जणांना नेत्ररोपण. सुरुवातीला तो हर्पिस विषाणूच्या संसर्गासारखा दिसतो, त्यामुळे निदानही बऱ्याचदा उशिरा होतं.

म्हणून नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, आमच्या घोडबंदरला टँकरचं येतं, कुठे बोअरिंगचं, हे भेद लेन्सला लागू नाहीत. महापालिकेनं कितीही चांगलं शुद्ध करून पाठवलं तरी ते सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत, मग पाइपांत राहून तुमच्या नळाला येतं. प्यूरिफायरचं पाणी पिण्याला योग्य असतं, निर्जंतुक नसतं. उकळून गार केलेलंही भांड्यात ओतलं, झाकण उघडलं, की निर्जंतुक राहिलं नाही. शिवाय साध्या पाण्यात सॉफ्ट लेन्स फुगते, आकार बदलते आणि डोळ्यावर घट्ट बसते. घरी मीठ घालून ‘सलाईन’ करणारेही भेटतात. 1980 च्या दशकात अमेरिकेत लोक मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्ससाठी घरीच सलाईन करत, आणि तिथे अकांथअमीबाच्या रुग्णांची जी लाट आली तिचा माग काढला तर तो याच घरगुती सलाईनपाशी पोचला. मेडिकलमधलं बाटलीबंद सलाईन निर्जंतुक असतं, पण त्यानं लेन्सवरचे जंतू मरत नाहीत. ते धुवायला, ठेवायला नव्हे.

तर सोल्यूशन संपलं त्या रात्री काय? लेन्स फेकून द्या, सकाळी चष्मा लावा. जोडी वाया गेली म्हणून जीव हळहळेल, हळहळू द्या. आणि ती फेकताना बेसिनमध्ये नको, कचऱ्याच्या डब्यात.

रोजच्या जगण्यात पाणी कुठून शिरतं? अंघोळीतून. लेन्स अंघोळीनंतर घालायची, आधी नाही. ओल्या बोटांतून, हे सगळ्यांत जास्त. साबणानं हात धुतले (साधा साबण, क्रीमवाला नको), की धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडानं किंवा टिश्यूनं बोटं कोरडी ठणठणीत करा, मग लेन्सला हात लावा. लेन्स बेसिनमध्ये पडली तर नळाखाली धरून परत डोळ्यात घालणारे मला दर महिन्याला भेटतात. एकच काम त्या क्षणी बरोबर आहे: ती सोल्यूशननं चोळून, धुऊन, ताज्या सोल्यूशनमध्ये बाटलीवर लिहिलेले पूर्ण तास ठेवणं. एकाच दिवसापुरती डेली लेन्स असेल तर सरळ फेकणं.

पावसाळ्यात छत्री उलटून तोंडावर सपकारा बसला, डोळ्यात थेंब गेले, तर आकाश कोसळलं असं नाही. डोळे मिटून चेहरा पुसा, पोचल्यावर लेन्स काढा आणि वर सांगितलं तसं करा. पण ठाणे स्टेशनबाहेर साचलेल्या पाण्याचा शिंतोडा डोळ्यात उडाला तर ती जोडी मी पुन्हा वापरणार नाही. येऊरच्या ओढ्यात, खारघरच्या धबधब्याखाली, सोसायटीच्या पूलमध्ये लेन्स घालून उतरायचं नाही. ‘पूलमध्ये क्लोरिन असतं ना’ याचं उत्तर वर येऊन गेलंच. नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं, मायनस 5.50 ला तो सहज मिळेल. एका लेन्स बॉक्सच्या आसपासची किंमत, आणि वर्षानुवर्षं टिकतो. रंगपंचमीला आणि गोविंदांच्या थरांखालीसुद्धा चष्मा किंवा काहीच नाही.

या पाण्याच्या नियमाला एकच अपवाद, आणि तो मी टीटीसी आणि तळोजा या एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. डोळ्यात आम्ल, कॉस्टिक, चुना, फिनेल, काहीही रसायन उडालं, तर लेन्स आहे की नाही, सोल्यूशन कुठे आहे, हे बघत बसायचं नाही. जवळचा नळ गाठा आणि पापणी उघडी धरून पाण्याची धार सोडा, निदान पंधरा-वीस मिनिटं. लेन्स धार चालू असतानाच काढा, नाहीतर ती आपोआप वाहून जाईल. तिथे प्रत्येक सेकंद मोलाचा असतो, अमीबाची चिंता नंतर.

मंथली लेन्सचा तुमचा हिशोब पुष्कळ जण करतात. महिना मोजायचा तो पाकीट फोडलं त्या दिवसापासून, घातल्याच्या दिवसांवरून नाही. डबीत पडून असतानाही लेन्सवर अश्रूंतली प्रथिनं, चरबी आणि जंतूंचा बारीक थर टिकून असतो. सोल्यूशन त्याला रोखतं, पण रोज थोडं थोडं हरत जातं. आणि न घातलेल्या दिवशीही सोल्यूशन बदलायला हवं की नको, हे बाटलीवरच्या सूचनेत असतं. कोणी वाचत नाही. पण तुमच्यासाठी मला याहून सोपा मार्ग दिसतो. आठवड्यातून तीन-चार दिवसच घालायच्या, तर डेली डिस्पोजेबल घ्या. तुमचे दोन्ही नंबर सारखे आहेत, म्हणजे 30 लेन्सच्या एका बॉक्सात 15 दिवस होतात, तुमचा महिना जवळजवळ तेवढ्यात निघतो. मंथलीपेक्षा थोडे पैसे जास्त जातील, पण त्यातून सोल्यूशनची बाटली वजा करा, डबी वजा करा. डबी गेली की अर्ध्याहून जास्त भानगडी गेल्या. फक्त ‘डेली’ म्हणजे एक दिवस. धुऊन दुसऱ्या दिवशी घालण्याचा मोह झाला, तर मंथलीच बरी होती म्हणायची पाळी येईल.

मंथलीवरच राहायचं ठरलं तर डबीकडे नीट बघा. काल रात्रीच्या सोल्यूशनमध्ये आज थोडं नवं ओतून भागवणं म्हणजे कालच्या खरकट्या पाण्यात आजची भांडी घासणं. 2006 मध्ये बॉश अँड लॉम्ब कंपनीचं मॉइश्चरलॉक हे सोल्यूशन जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत ते वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युजेरियम बुरशीचा संसर्ग आढळला. दोष सोल्यूशनचा होताच, पण अमेरिकेत झालेल्या तपासात वापरणाऱ्यांची एक सवयही पुढे आली: डबीतलं सोल्यूशन ओतून न देता पुन्हा वापरणं. आपली दमट हवा तर बुरशीला माहेरच. म्हणून सकाळी लेन्स घातल्यावर डबी पूर्ण रिकामी करा, आतून सोल्यूशननंच धुवा, टिश्यूनं पुसा आणि झाकणं काढून टिश्यूवर पालथी ठेवा. बाथरूममध्ये नव्हे, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेल वाळत नाही, डबी काय वाळणार. दर तीन महिन्यांनी डबी बदला. बाटलीबरोबर नवी डबी मिळते ती ड्रॉवरमध्ये साठवायला दिलेली नसते. बाटली फोडल्याची तारीख मार्करनं तिच्यावरच लिहा. बहुतेक सोल्यूशनं फोडल्यावर 90 दिवसांत टाकायची असतात, काही आधीच. आणि प्रवासासाठी मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत ओतून नेऊ नका, ती छोटी बाटली निर्जंतुक नसते.

बाटलीवर ‘नो रब’ लिहिलं असलं तरी चोळा. तळहातावर लेन्स, दोन-चार थेंब, बोटानं प्रत्येक बाजू दहा-पंधरा सेकंद, मग सोल्यूशनच्या धारेनं धुणं. रात्री डबीत टाकताना हे करायचं. सकाळी घालताना केलं तर त्याचा निम्मा उपयोग गेला. हायड्रोजन पेरॉक्साइडची जी सोल्यूशनं असतात ती उत्तम, ज्यांना इतर सोल्यूशननं ॲलर्जी होते त्यांना मी तीच देतो. पण ती त्यांच्याच खास डबीत, ठरलेले तास पूर्ण झाल्यावरच. थेट डोळ्यात गेलं तर आग आग होते, आणि घरातल्या दुसऱ्या कोणी साधं सोल्यूशन समजून उचललं तर पंचाईत.

आता संध्याकाळचा लालपणा. यात दोन-तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. बेलापूरचं ऑफिस म्हणजे दिवसभर एसी आणि समोर स्क्रीन. स्क्रीनकडे बघताना माणूस पापण्या मिटवायचं विसरतो, मिटवल्या तरी अर्ध्याच मिटतात, आणि लेन्स वाळते. वर घोडबंदरचा रस्ता, तिथल्या बांधकामांची आणि मेट्रोची धूळ. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर खुर्ची सरकवा, ड्रॉप्स दुपारी एकदा आणि निघताना एकदा, आणि तास कमी करा, आठ-दहावर आणा. ड्रॉप्स घेताना ‘कॉन्टॅक्ट लेन्सवर चालतात’ असं लिहिलेले किंवा प्रिझर्वेटिव्ह नसलेलेच. लालपणा झटकन घालवणारे ड्रॉप्स नकोत, ते लाली झाकतात, कारण तसंच राहतं. गुलाबजल, मध, आजीचं काजळ, सगळ्यांना लेन्सच्या दिवशी रजा.

आणखी एक तपासा. तुमचा 5.50 हा चष्म्याचा नंबर की लेन्सचा? चष्म्याची काच डोळ्यापासून बारा-तेरा मिलिमीटर लांब असते, लेन्स डोळ्यावरच. त्यामुळे मायनस नंबर 4 च्या पुढे गेला की लेन्सचा नंबर कमी करावा लागतो. चष्म्याच्या मायनस 5.50 ला लेन्स साधारण मायनस 5.25 ची बसते, मायनस 8 ला साधारण 7.25 ची. ऑनलाइन मागवणारे चष्म्याचा कागद बघून तोच आकडा टाकतात आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात. तसंच बेस कर्व्ह. पाकिटावर 8.4, 8.6 असं लिहिलेलं असतं, तो लेन्सच्या आतल्या बाजूचा गोलावा. मैत्रिणीला जी कंपनी आवडते ती तुमच्या बुबुळावर घट्ट बसू शकते. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, लेन्स किती हलते ते बघितल्याशिवाय हे सांगता येत नाही, म्हणून फिटिंग एकदा आणि तपासणी वर्षातून एकदा करून घ्याच. खाज येते, चिकट धागे निघतात, लेन्स वरच्या पापणीकडे सरकते असं असेल, तर वरची पापणी उलटून बघावी लागते; आत पुळ्या आलेल्या असतात आणि लेन्सला काही आठवडे सुट्टी द्यावी लागते.

(मधेच एक: ठेचा, लाल तिखट, हिरवी मिरची हाताळायची असेल तर लेन्स आधी काढून घ्या. साबणानं तीनदा हात धुऊनही तिखट बोटांवर राहतं, आणि लेन्समध्ये शिरलं की ती लेन्स गेली म्हणून समजा.)

सगळ्यांत महत्त्वाचं मात्र हे, की साधा लालपणा आणि धोक्याचा लालपणा ओळखता आला पाहिजे. लेन्स काढल्यावर अर्ध्या-पाऊण तासात डोळा निवळला, तर तो थकवा. लेन्स काढूनही दुखत राहिलं, उजेड सहन होईना, पाणी गळतंय, धूसर दिसतंय, किंवा बुबुळावर पांढुरका ठिपका दिसतोय, तर ते त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं. उद्या नाही, रविवार गेल्यावर नाही. लेन्सवाल्यांत सर्वांत जास्त आढळणारा स्युडोमोनास हा जंतू एक-दोन दिवसांत बुबुळात खोल खड्डा पाडू शकतो. चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, माझ्यासारख्या ऑप्टोमेट्रिस्टकडे आलात तरी मी पुढेच पाठवणार. हे नेत्ररोगतज्ज्ञाचं काम. रात्री-अपरात्री कुठे, असं वाटलं तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारखी मेडिकल कॉलेजला जोडलेली रुग्णालयं आहेत.

जाताना काढलेली लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली बरोबर न्या. धुऊ नका, फेकू नका. कुठला जंतू आहे हे शोधायला डॉक्टर त्यांचाही नमुना घेऊ शकतात. डोळ्यावर पट्टी बांधू नका, उबेत जंतू वाढतात. आणि मेडिकलमधून ‘डोळे आलेत, ड्रॉप्स द्या’ म्हणून काही घेऊ नका. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आली होती, तेव्हापासून प्रत्येक लाल डोळा म्हणजे साथ, अशी लोकांची समजूत झाली. काउंटरवर मिळणाऱ्या ड्रॉप्समध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं दोन दिवस बरं वाटतं, लाली उतरते, आणि आत बुरशी किंवा अमीबा असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. खरोखर साधेच डोळे आले असतील तरी ती लेन्स आणि डबी फेकायची, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर नवी जोडी.

राहिली बहिणीच्या लग्नाची रंगीत लेन्स. पार्लरवाल्या बाईंच्या लेन्स घालू नका, नवरीलाही घालू देऊ नका. त्यांच्याकडची जोडी गेल्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात होती का, ती कुठल्या सोल्यूशनमध्ये होती, हे कुणालाच माहीत नसतं. नंबर नसला तरी रंगीत लेन्स ही लेन्सच. तिलाही माप लागतं, आणि स्वस्तातल्या लेन्सवरचा रंग खडबडीत असतो, शिवाय ऑक्सिजन कमी जातो. हौस आहे ना, मग रंगीत डेली डिस्पोजेबल मिळतात त्या घ्या. मायनस 5 च्या पुढचे नंबर दुकानात तयार असतीलच असं नाही, मागवावे लागतात, म्हणून नोव्हेंबरातच फिटिंग करून ऑर्डर द्या. नवरीनं आधी कधीच लेन्स घातली नसेल तर तिला घरी आठवडाभर घालायची-काढायची सवय करू द्या. हळदीच्या दिवशी पहिला प्रयोग नको. लग्नाच्या दिवशी आधी लेन्स, मग मेकअप. काढताना आधी लेन्स, मग मेकअप. हेअर स्प्रे मारताना डोळे मिटलेले. होमाच्या धुराला डोळे चुरचुरणारच, त्यासाठी तुमच्या पर्समध्ये ड्रॉप्स, चष्मा आणि एक जादा जोडी ठेवा. आणि सगळे विधी आटोपून रात्री घरी पोचल्यावर कितीही दमलेल्या असलात, तरी दोघी बहिणींनी लेन्स काढूनच पाठ टेकायची.